दगड हलवायची पद्धत नाही

मला गोष्ट सांगायला बसवू नका म्हटलं होतं. तुम्ही गोष्ट ऐकता, मान डोलावता आणि घरी जाऊन करायचं तेच करता. पण बसलाच आहात, तर ऐका.

फार जुनी गोष्ट, राजेराण्यांच्या वेळची. एका राणीच्या महालात काचेचा हौद होता. त्यात आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यातले रंगीत मासे. हल्ली दुकानात त्यांना सिक्लिड म्हणतात. दिसायला देखणे, पण भाऊबंदकी नुसती. दगडाच्या कपारीत राहायचं, दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं, आणि आपल्या दगडापाशी कुणी आलं की चावायचं.

राणीच्या मुलाचं लग्न झालं. सून त्याच तळ्याकाठची. तिनं माहेराहून मातीच्या घागरीत एक निळा मासा आणला.

हौदाशी येऊन ती म्हणाली, "आईसाहेब, आधी सगळे दगड हलवू या. नवा मासा सोडताना आमच्याकडे तसंच करतात."

राणी म्हणाली, "इथं दगड हलवायची पद्धत नाही. माझ्या सासूबाईंनी मांडलेत ते."

झालं. मासा तसाच सोडला. प्रत्येक दगडाला मालक होता. संध्याकाळपर्यंत निळ्याची शेपटी फाटली, रंग उडून राखेसारखा झाला, आणि तो वर कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून लटकून राहिला.

सूनबाई जेवेना. राणीनं प्रधानाला बोलावलं.

प्रधान म्हणाला, "तो पिवळा दांडगा आहे. त्याला काढा." काढला. मग काळा दांडगाई करू लागला. काळा काढला, तर कालपर्यंत मार खाणारा पट्टेरी मारायला लागला.

"मग नव्यालाच काढू," प्रधान म्हणाला. एवढ्या अकलेवर त्याला पालखी होती.

सून म्हणाली, "काढा. आणि मलाही माहेरी पाठवा. माझा पाट रोज दाराशी मांडतात. इथं टेकायला दगड मला तरी कुठे आहे?"

राजपुत्र खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

राणी उठून हौदाशी गेली. मग तिनं बांगड्या मागे सारल्या, हौदात हात घातला आणि सासूनं मांडलेला मधला दगड उचलून दुसरीकडे ठेवला. मग बाकीचे. पाणी गढूळ झालं. गाळ खाली बसला तेव्हा सगळेच मासे घर शोधत फिरत होते. कुणाची हद्द कुठली, कुणालाच ठाऊक नाही. त्या धांदलीत निळ्यानं एक कपार धरली. पुढे त्यानं चावे खाल्ले, तसे दिलेही. पण जगला, आणि त्याचा रंग परत आला.

दुसऱ्या दिवशी राणीनं जेवणाचे पाट बदलले. स्वतःचा दाराशी मांडला. तिथं वारा किती झोंबतो, ते तिला त्या दिवशी कळलं. सून माहेरी गेली नाही.

तात्पर्य: नव्याला जागा द्यायची असेल, तर जुन्यांनी जागचं उठावं लागतं.

आता जा. आणि वाटेत तो भेटला तर सांगा, भर पंगतीत या गोष्टीला थाप म्हणून हसला होता, त्याची माफी त्यानं अजून मागितलेली नाही. कोण म्हणून काय विचारता? पर्शराम ढमाले.