आमखेलची गळकी कमान

आमखेलच्या ओहळावर पाच कमानींचा दगडी पूल आहे. त्यावरून माणसं जात नाहीत, पाणी जातं. नदीचं पाणी पलीकडच्या मळ्यांना नेणारा पाट या कमानींच्या डोक्यावरून वाहतो. चार कमानी कोरड्या खडखडीत, तिसरी मात्र गळते, आणि तिच्या खालची दगडी कुंडी भरलेली असते. गावात विचारलं तर म्हणतात, गवंडी कच्चा होता. ओहळाकाठच्या भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, वेगळं सांगतात.

फार पूर्वी हे काम सटवोजी पाथरवटाकडे होतं, म्हणे. आधी त्याने नदीवर बंधारा घातला, मग पाट ओहळापर्यंत आणला आणि ओहळावर कमानी उभ्या केल्या. शंभर हातांना चार बोटं उतार असा नेमका धरला, की पाणी ना थबके ना उसळे. बैलाच्या घाण्यात दळलेल्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालून सांधे भरले. पाणी सोडलं आणि तिसऱ्या कमानीवरचा सांधा गळू लागला.

पाट कोरडा करून त्याने सांधा उकरला, पुन्हा भरला. पुन्हा गळला. असं पाच वेळा झालं. दोष चुन्याचा, असं धरून त्याने कान्हू चुनेवाल्याला, वीस वर्षांच्या सोबत्याला, चारचौघांत बोलून घालवून दिलं. नव्या माणसाचा चुनाही टिकेना. सटवोजीला भाकरी गोड लागेना. उखाजी पाटील रोज येऊन उभे राहत.

"सटवोजी, तुम्हाला पाट बांधायला आणलं होतं. तुम्ही चाळण बांधलीत."

सहाव्यांदा सांधा भरला, त्या दुपारी गडी बाभळीखाली पडले होते. सटवोजी एकटाच काठावरच्या खडकाआड बसून राहिला. तेव्हा कोरड्या पाटातून वाकून चालत एक बाई आली. विळ्याच्या टोकाने तिने ओला चुना उकरला आणि वरून पातळ हात फिरवून सांधा होता तसा दिसेल असा केला. ती भिलाटीतली रुमाली होती.

सटवोजी पाटात उतरला आणि त्याने तिचं मनगट धरलं. "माझ्या कामावर का उठलीस, बाई?"

"तुझ्या बंधाऱ्याने नदीतला आमचा डोह आटला, दादा. ओहळाला पाणी पावसाळ्यापुरतंच. पाटील म्हणतो, पाटाचं पाणी मळ्यांचं. ते आमच्या डोक्यावरून जातं. लेकरांना काय पाजू?"

"मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. बंधाऱ्याचा पहिला दगड बसला त्या दिवशी. तू म्हणालास, मी गवंडी, पाटलाला सांग."

त्याने मनगट सोडलं, पण राग गेला नाही. तो कोणावर काढावा हे मात्र त्याला कळेना. तसाच तो पाटलांकडे गेला आणि भिलाटीसाठी पाण्याचा वाटा मागितला. पाटील म्हणाले, "आधी गळती थांबवा, मग वाटे पाडा."

दुसऱ्या दिवशी सटवोजीने सांध्याच्या दगडाला स्वतःच्या छिन्नीने बोटभर भोक पाडलं आणि खाली कुंडी बसवली. मग पंचांसमोर उभा राहून म्हणाला, "हा सांधा माझ्या हाताला जमला नाही. पण कोणी बुजवू नका. पाणी कोंडलं तर खांबात मुरेल आणि कमान बसेल."

हे खोटं होतं. उभ्या आयुष्यात कामाबद्दल तो एवढंच खोटं बोलला, असं सांगतात. मानाचा शेला त्याला मिळाला नाही. पंचक्रोशीत पुढे कोणी त्याला पायरीचा दगडही बसवू दिला नाही. कान्हूची माफी मागायला तो तीन गावं फिरला. कान्हू भेटला नाही.

आजही पाट सोडण्याआधी सगळे सांधे चुन्याने लिंपतात आणि तिसऱ्या कमानीशी थापी खाली ठेवतात. कुंडी भरल्याशिवाय कोणी मळ्याचं दार उघडत नाही. का, ते गावाला ठाऊक नाही, पण कमान बसेल ही भीती आहे. भिलाटीत तान्ह्या मुलाला पहिलं पाणी त्याच कुंडीतलं पाजतात. आणि गावात एखादी घागर गळली, की म्हणतात, सटवोजीने घडवली वाटतं. भिलाटीतली माणसं ते ऐकतात आणि गप्प राहतात, कारण बोललं तर भोक बुजेल.