बुडणारं तेल

“बुडतं, की तरंगतं?”

सोमगीर बाबांनी पुन्हा विचारलं.

वैजनाथ खाली बघत उभा राहिला. पुढ्यात पाण्याने भरलेली पितळी वाटी होती. बाबांच्या हातात काचेची लहान बाटली होती. मठातलीच. तिच्या झाकणातलं रबर फुगून मऊ झालं होतं, ते त्याला तिथूनही दिसत होतं.

“दाताचं तेल रोज तूच लावतोस लोकांना. तुला ठाऊक असणार.”

दारात गोजराबाई उभी होती. माळावरच्या धनगरवाड्यातून ती तडक आली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. कडेवर तिची मुलगी सुली. सुलीचा खालचा ओठ एका बाजूने सुजून लोंबत होता आणि तिथून लाळ गळून आईच्या खांद्यावर ओल पसरली होती.

सुली रडत नव्हती.

“वाटीत काय बघता बाबा? लेकराकडं बघा,” गोजराबाई म्हणाली. “तुमच्या तेलानं तोंड भाजलं हिचं. आतून पांढरं पडलंय. सालटी निघायलीत.”

बाबांनी बाटली किंचित कलती केली. एक थेंब पाण्यात पडला.

तो वर थांबलाच नाही. पिवळसर मण्यासारखा सरळ तळाशी जाऊन बसला. लवंगेचा वास खोलीभर झाला, इतका उग्र की गोजराबाईने नाकाला पदर लावला.

बाबांनी वैजनाथकडे पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी पाहिलं नाही. ते उठून सुलीकडे गेले.

मठात लवंगेचं तेल दोन ठिकाणी असे. एक कोनाड्यात, तपकिरी बाटलीत, उजेड लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळलेलं. ते नुसतं लवंगेचं. त्यातला एक थेंब बाबा पळीभर तिळाच्या तेलात टाकत, बराच वेळ ढवळत, आणि ते मिसळलेलं तेल धुनीजवळच्या वाटीत ठेवत. लोकांच्या दाताला लावायचं ते हे. तेही मठातच बसून लावायचं. मठातून कुणाला बाटली घरी न्यायला मिळत नसे. दुखलं तर पुन्हा या, असं बाबा सांगत. लांबून येणारे लोक कुरकुरत, पण येत.

मागच्या आठवडी बाजारात वैजनाथ मीठ-मिरची आणायला गेला होता. तिथे तेलं विकणाऱ्या एका माणसाने त्याला हटकलं होतं.

“काय शिष्योत्तम, तुमच्या बाबांचं तेल आहे का खिशात?”

होतं थोडं. वैजनाथने मोठ्या कौतुकाने दाखवलं. त्या माणसाने पाण्याचा पेला घेतला, आपल्या तेलाचा थेंब टाकला. तो बुडाला. मग मठातल्या तेलाचा टाकला. तो वर पसरला आणि तिथेच राहिला.

“अस्सल लवंगेचं असतं ते बुडतं,” तो माणूस जमलेल्यांना म्हणाला. “हे तिळाचं आहे. लवंग नुसती लांबून दाखवलेली दिसते.”

लोक हसले. वैजनाथही थोडासा हसला. तेच त्याला नंतर टोचत राहिलं, की बाबांना हसत होते आणि आपणही हसलो.

म्हणून काल गोजराबाई दाढ दुखणाऱ्या सुलीला घेऊन आली आणि बाबा भिक्षेला गेले होते, तेव्हा त्याने धुनीजवळची वाटी उचललीच नाही. कोनाड्यातली तपकिरी बाटली काढली. गोजराबाईला आधी पाण्यात थेंब टाकून दाखवला.

“बघा मावशी, बुडतं. अस्सल आहे.”

मग कापसाचा बोळा भिजवून सुलीच्या दाढेवर ठेवला. ती एकदा किंचाळली आणि थोड्या वेळात गप्प झाली. गोजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुझ्या हाताला गुण आहे रे बाबा,” ती म्हणाली.

ते ऐकून वैजनाथने हीच लहान बाटली भरली आणि तिच्या हातात दिली. “दुखलं की लावा. इतक्या लांब यायची गरज नाही.”

...

“आ कर बाळ,” बाबा म्हणाले.

सुलीने तोंड उघडलं. बाबांनी तिला दारापाशी नेऊन उजेडात पाहिलं. गालाच्या आतली बाजू उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी झाली होती.

“किती वेळा लावलंत?”

“रात्रभर. कण्हली की लावायचे. लावलं की गप व्हायची. मग मला वाटलं, गुण येतोय.”

“गिळलं का हिनं?”

“काय की. बोळा तोंडातच होता.”

बाबांनी बाटली उजेडाकडे धरली. गळ्याच्या जरा खाली तेल होतं. त्यांनी ती वैजनाथसमोर धरली.

“भरून दिलेली?”

वैजनाथने मान हलवली. हो.

“मग बरंचसं बाटलीतच आहे.” बाबांनी श्वास सोडला. “उलटी? सारखी झोपते का?”

“उलटी नाही. रात्रभर जागीच होती. आता पेंगतीय.”

“तिचा बाप कुठाय?”

“गावात गेलाय, जीप बघायला.”

“चांगलं केलं. तालुक्याला दवाखान्यात न्यायचंच. ही बाटलीही सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा. चमचाभर जरी पोटात गेलं असलं तरी लेकराच्या काळजाखाली, यकृतात जाऊन बसतं ते. लेकरू झोपतं, आणि...”

त्यांनी पुढचं सांगितलं नाही. गोजराबाई मटकन उंबऱ्यावर बसली.

“इतकं वाईट तेल ठेवता तुम्ही? देवाच्या दारात?” ती म्हणाली. “आन वर लोकाला देता? सगळ्या वाड्याला सांगते मी. बाजारात सांगते. पुन्हा कुणी पायरी चढायचं नाही तुमची.”

“सांगा,” बाबा म्हणाले. “तेल मठाचंच आहे.”

“या पोराला काय म्हणू मी? त्यानं बिचाऱ्यानं मायेनं दिलं. तेल तुमचं, दोष तुमचा.”

“हो,” बाबा म्हणाले.

वैजनाथचं तोंड उघडलं. शब्द तयार होता, अगदी लहान, पण तो बाहेर आला नाही.

बाबांनी त्याला हाक मारली.

“वैजनाथ, गार पाणी आण. आणि दूध. थंड.”

तो धावत गेला. निदान पाय तरी हलत होते.

बाबांनी सुलीकडून चूळ भरून घेतली. थुंकायला लावली. पुन्हा चूळ. मग स्वच्छ फडक्याचं टोक दुधात बुडवून तिचं तोंड आतून हलक्या हाताने टिपू लागले. टिपता टिपता, जशी रोज संध्याकाळी उजळणी घेत तशीच घेऊ लागले.

“लवंगेच्या तेलाचे गुण सांग.”

वैजनाथला ते तोंडपाठ होते. “पाण्यात बुडतं. उजेडात ठेवलं तर काळपट होतं. रबर, प्लास्टिक खातं. दाताची कीड मारतं. ठणका थांबवतं.”

“आणखी?”

“...भाजतं.”

“आधी भाजतं, की आधी ठणका थांबवतं?”

“आधी बधिर करतं.”

“मग भाजताना कळतं का?”

सुली वैजनाथकडे बघत होती. तिच्या ओठावरून दूध ओघळत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

बाबांनी ओलं बोट तिच्या डाव्या ओठावर ठेवलं. “लागतं का गं?”

तिने मान हलवली. लागतं.

उजव्या सुजल्या बाजूवर ठेवलं. “इथं?”

ती नुसती बघत राहिली.

बाबा फडकं बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसले.

“आता काय?” गोजराबाईने विचारलं.

“आता ही रडायची वाट बघायची.”

“लेकरू रडावं म्हणता?”

“हो.”

“कसले बाबा म्हणायचे तुम्ही...”

ती सुलीला मांडीवर घेऊन डोलू लागली. बाबांनी तिला डोलू दिलं नाही. “झोपवू नका. बोलत राहा तिच्याशी.” मग गोजराबाई बोलू लागली. मेंढरांची नावं घेतली. काळी कुठं आहे, बांडी कुठं आहे, आज कोण दूध पाजणार बांडीच्या कोकराला. सुली डोळे मिटायची आणि आई तिचा तळवा चोळायची.

वैजनाथ खांबाशी उभा होता. उन्हाची तिरीप त्याच्या पायाजवळून सरकत भिंतीपर्यंत गेली. तो आयुष्यात कधी एखाद्या लेकराने रडावं म्हणून देवाला विनवत उभा राहिला नव्हता. आता विनवत होता. रड गं. एकदा रड. मग मी सांगतो. तू रडलीस की लगेच सांगतो.

मग त्याला स्वतःचीच किळस आली. सांगण्यासाठीही तो त्या लेकराच्या रडण्याआड उभा होता.

“मावशी...” तो म्हणाला.

गोजराबाईने वर पाहिलं.

“बाबांचं तेल हे नाही. बाबा तिळाच्या तेलात एक थेंब टाकतात. बाटली कुणाला देत नाहीत. मी... मला बाजारात हसले लोक. म्हणून मी नुसतं लवंगेचं लावलं. बाबांना न विचारता. बाटली मीच भरली.”

गोजराबाईचा हात सुलीच्या तळव्यावर फिरत होता, तो थांबला.

“हे तुला आत्ता आठवलं? मी आले तेव्हापासून या म्हाताऱ्याला घालून पाडून बोलतीय. तू खांबाला टेकून ऐकत होतास व्हय रे?”

वैजनाथला वाटलं, हिने उठून थोबाडीत मारावी. तिने मारली नाही. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि सुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं, त्याच्यापासून लांबच्या.

तेवढ्यात सुलीने ओठ चावला. सुजलेलाच. चावून ती थांबली, जणू कुणीतरी दुरून हाक मारली. तिने हात गालाकडे नेला. तोंड वाकडं झालं. आणि मग ती अशी रडली की धुनीजवळ झोपलेली मांजर उठून बाहेर पळाली.

बाबांनी डोळे मिटले. “आलं,” ते हळूच म्हणाले.

गोजराबाईही रडू लागली. रडता रडता लेकीचे मुके घेऊ लागली. “रड माझे माय, रड.”

खाली जीपचा हॉर्न वाजला. सुलीचा बाप धापा टाकत वर आला. तिघं निघाले. वैजनाथने दुधाचं भांडं पुढे केलं, वाटेत लागेल म्हणून. गोजराबाईने ते बाबांच्या हातून घेतलं. म्हणजे वैजनाथच्या हातातून बाबांनी घेतलं, आणि मग बाबांच्या हातून तिने.

जाताना ती बाबांच्या पायाशी वाकली. “चुकलं माझं,” म्हणाली.

“तुमचं नाही,” बाबा म्हणाले. “आधी निघा.”

...

दिवस कलला तेव्हा जीप परतली. ड्रायव्हर खालूनच ओरडला.

“पोरगी बरी हाय, बाबा. पोटात काही गेलेलं दिसत न्हाई म्हणाले डॉक्टर. रातभर ठेवून घेतलीय, नजरेखाली असू दे म्हणून. तोंड भरून यायला आठ-पंधरा दिवस लागतील. तिखट द्यायचं न्हाई.”

“रडते का अजून?” बाबांनी विचारलं.

“लई. सगळा दवाखाना डोक्यावर घेतलाय.”

बाबा हसले. दिवसभरात पहिल्यांदा.

वैजनाथ धुनीपाशी बसला होता. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भाकरी पुढे ठेवली होती, तशीच होती.

“खा,” बाबा म्हणाले.

“घास उतरत नाही.”

बाबा समोर बसले. त्यांनी लाकूड सारलं. थोडा धूर आला.

“तुम्ही का नाही सांगितलंत तिला?” वैजनाथ म्हणाला. “थेंब बुडाला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तुम्ही शिव्या खात राहिलात.”

“तू बोलशील असं वाटलं.”

“आणि मी बोललोच नसतो तर?”

बाबांनी भाकरी त्याच्याकडे सरकवली.

“मला बाजारात तुमची लाज वाटली, बाबा. तुमच्या तेलाची. मी हसलो त्यांच्यात.”

“हं.”

“तुम्ही रागवा तरी.”

वैजनाथ पुढे सरकला. त्याचा आवाज फाटला होता. “मला प्रायश्चित्त सांगा. मी उपास करतो. उद्या वाड्यावर जाऊन सगळ्यांदेखत सुलीच्या आईचे पाय धरतो. बाजारात मधोमध उभा राहून सांगतो. महिनाभर मौन धरतो. तुम्ही म्हणाल ते करतो. पण आजच सांगा. तिने पाठ केली ना, ते सारखं डोळ्यांपुढे येतंय. आत नुसती आग होतेय. राहवत नाही मला.”

“प्रायश्चित्त घेतलं की थांबेल ती?”

“थांबेल. थोडी तरी.”

बाबांनी हात पुढे केला आणि सुलीच्या ओठावर ठेवलं होतं तसं त्याच्या छातीवर बोट ठेवलं.

“इथं?”

वैजनाथला हुंदका आला. त्याने मान हलवली.

बाबांनी हात मागे घेतला. उठले. आत जाता जाता म्हणाले,

“मग आज त्याच्यावर काही लावू नकोस.”