मास्कातली सनई

सरकारनं मास्कची सक्ती उठवली आणि गावानं मोकळा श्वास घेतला. खुपलं ते एकट्या तात्यासाहेबांना. जत्रा कमिटीच्या ह्या अध्यक्षांनी दोन वर्षं मास्कवरून लोकांवर खेकसण्यात मजेत घालवली होती. म्हाताऱ्यांची खुर्ची एकवेळ सुटते, हुकूम सुटत नाही.

यंदा जत्रा भरली. सुगंधा सनईवाली देवीच्या देवळापुढे येताच तात्यासाहेब गरजले, "ए पोरी, इथं माझा नियम चालतो. मास्क लाव, नाहीतर शेजारच्या गावचा ताफा बोलावतो."

"मास्क लावून सनई कशी वाजवू, तात्या?"

"ते तुझं तू बघ. मोठ्यांना उलट विचारायचं नाही!"

आज वाजवायला मिळालं नाही, तर पालखीपुढे सनई वाजवायचा घराण्याचा पिढ्यांचा मान दुसऱ्याच्या दारी जाणार होता. सुगंधानं निमूट मास्क चढवला. "बरं तात्या. तुमचा शंख झाला, की लगेच वाजवते."

पालखी उचलण्याआधी शंख फुंकायचा मान अध्यक्षांचा. तात्यासाहेबांनी ऐटीत मास्कावरूनच शंख लावला. नुसतं फुस्स झालं. पुन्हा फुस्स. पोरं खिदळली. चिडून त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि शंख दणाणून सोडला.

लगेच सुगंधानंही मास्क काढून सनई ओठांशी नेली.

"ए, मास्क!" तात्यासाहेब ओरडले.

"तुमची फुंकर सोवळ्यातली आणि माझी तेवढी रोगट, असं देवीनं सांगितलंय का तात्या? सांगितलं असेल तर गावासमोर बोला."

सगळं गाव तात्यासाहेबांच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिलं. तेवढ्यात सनई सुरू झाली आणि भोयांनी पालखी उचलली.