दहा हातांचे घर

एकदा एक भांड्यांचा व्यापारी स्वतःच्या परसात उभा राहून दुसऱ्याचे परसू न्याहाळत होता. माणूस स्वभावाने वाईट नव्हता. बारा वर्षे तो गावातल्या एका वृद्ध गुरुजींच्या प्रवचनाला न चुकता जात असे, पुढच्या रांगेत बसत असे, आणि 'मत्सर' हा शब्द आला की शेजारी बसलेल्याकडे पाहून मान हलवीत असे. लोक आपल्याला गुरुजींचा शिष्य म्हणतात, याचा त्याला मोठा अभिमान होता.

तो स्वतः बाजारपेठेत, दुकानाच्या वर राहत असे. गावाच्या टोकाला त्याने एक बैठे घर घेऊन ठेवले होते, ते भाड्याने देण्यासाठीच. त्या घरात भागीरथीकाकू नावाची विधवा बाई चौदा वर्षे राहत होती. पापड, कुरडया, सांडगे करून ती आपला चरितार्थ चालवी आणि घर असे ठेवी, की मालकालाच तिथे पाय ठेवायला संकोच वाटावा. घरामागच्या परसात दिवसभर ऊन असे. तिची सारी वाळवणे तिथेच पडत.

या परसात दोन खोल्या काढाव्यात आणि त्याही भाड्याने द्याव्यात, असे व्यापाऱ्याच्या मनात फार दिवस होते. शाळेत नवे आलेले मास्तर जागा शोधतच होते. विचार चांगला होता. एका आवारात दोन चुली पेटल्या, तर कोणाचे काय बिघडते? पण आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेले, आणि तेवढ्यात शेजारच्या परसात तशाच दोन खोल्या उभ्या राहिल्या.

शेजारचे घर वामनशेट नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याचे. तेही भाड्यानेच दिलेले. या गृहस्थाचे नाव वामन; पण चालताना दुकानांच्या पाट्या डोक्याला लागतील एवढी उंची, आणि हात गुडघ्यापर्यंत. तोही गुरुजींकडे येई, पण मागे, खांबाला टेकून बसे. कधी कधी डुलकीही काढी. अशा माणसाच्या खोल्या पाहून आल्यावर गुरुजी भर प्रवचनात म्हणाले, "वामनाने खोल्या बेताच्या बांधल्या. छान केलं."

पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या व्यापाऱ्याला यातले 'बेताच्या' ऐकूच आले नाही. 'छान' तेवढे ऐकू आले, आणि ते काळजात काट्यासारखे रुतले. बारा वर्षांत गुरुजींनी आपल्याला कधी छान म्हटले होते? घरी जाऊन तो जेवायला बसला, तर भाकरीसुद्धा गोड लागेना.

दुसऱ्याच दिवशी त्याने सटवाजी गवंड्याला बोलावले. वामनशेटच्या खोल्या बांधणारा हाच.

त्या गावात बांधकामाची एक जुनी रीत होती. ज्याचे घर, त्याच्या हाताचे माप. गवंडी मालकाच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर घेई, तेवढी बांबूची काठी तोडी, आणि सारे घर त्या काठीने मोजी. सटवाजीने बांबू पुढे धरला.

"शेट, हात लांब करा. काठी तोडायचीय."

"माझा हात राहू दे," व्यापारी म्हणाला. "वामनशेटची काठी ठेवलीयस ना?"

"ठेवलीय. पण ती त्यांची."

"तीच आण. त्याची लांबी नऊ हात आहे ना, मग माझी दहा. रुंदी त्याची सात, माझी आठ. खिडकी, दार, जोतं, सगळं त्याच्याहून एक हात जास्त. दुसरं काही मला सांगू नकोस."

"शेट, तुमचं परसू त्यांच्याहून लहान आहे."

"तू गवंडी आहेस की माझा सासरा?"

सटवाजीने बांबू खाली ठेवला. मालक पैसे देतो आणि अक्कलही तोच देतो, हे त्याला तीस वर्षांच्या धंद्यात कळले होते.

जोते भरून झाले आणि विटांचे थर चढू लागले. व्यापारी रोज येई, एकदा आपल्या भिंतीकडे पाही आणि चारदा कुंपणापलीकडे. पलीकडे वामनशेटच्या भाडेकरणीने तुळस लावली, की याला वाटे, आपल्या दारात दोन हव्यात. त्याची छाती जळे आणि तेवढ्या वेळापुरते त्याला उत्साही वाटे. मत्सराची हीच तर गंमत आहे. चूल पेटल्यासारखी वाटते, शिजत मात्र काही नाही.

एके सकाळी भागीरथीकाकू पापडांची फळी घेऊन मागच्या दाराशी आली. दार बाहेर उघडणारे. ते अर्धे उघडले आणि नव्या जोत्याला अडले. तिने फळी उभी धरली, अंग चोरले आणि कशीबशी बाहेर पडली. परसात ऊन उरले होते ते एका चटईपुरते. भिंती वर गेल्या की तेही जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

"शेट," ती म्हणाली, "दार अर्धंच उघडतंय."

"थोडे दिवस सोसा, काकू. नव्याची सवय होते."

तिने वाद घातला नाही. फळी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चौदा वर्षं तुमच्या घरात सुखाने राहिले. पाडव्याला किल्ली आणून देईन. माझं पोट उन्हावर आहे."

व्यापारी हादरला. असा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मागे घर उभे राहणार आणि पुढचे ओस पडणार. त्याने वळून सटवाजीकडे पाहिले. काम थांबव, हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात कुंपणापलीकडे वामनशेट कोणाशी तरी हसताना दिसला. शब्द गिळले गेले. "काकूंची मर्जी," तो म्हणाला.

चौकट बसवण्याचा दिवस आला. व्यापाऱ्याने गुरुजींना बोलावले आणि मुद्दाम वामनशेटलाही बोलावले. जळणाऱ्याला आपल्या घरी दुसऱ्यालाही जळताना पाहायचे असते. वामनशेट मात्र नारळ घेऊन आला आणि "वा, चांगलं प्रशस्त काढलंत," म्हणून मनापासून हसला. त्याने तर आणखीच आग झाली.

भिंती कमरेएवढ्या झाल्या होत्या. मधोमध नवी चौकट उभी होती. हळदकुंकवाचे तबक गुरुजींच्या हातात होते. ते त्यांनी यजमानाला द्यायचे, यजमानाने चौकटीची पूजा करायची, असा शिरस्ता. व्यापारी नवे उपरणे सावरून पुढे झाला.

गुरुजी त्याच्या शेजारून पुढे गेले आणि तबक वामनशेटच्या हातात दिले.

"वामना, घराचा यजमान तू. पूजा कर."

वामनशेट गोंधळून तबक परत करू लागला. व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बारा वर्षांची सेवा, स्वतःची जमीन, स्वतःच्या विटा, आणि यजमान तो?

"गुरुजी, घर माझं आहे."

"असेल," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आपल्या गावात ज्याचं घर, त्याचा हात. भिंत मोज."

व्यापारी भिंतीपाशी गेला. बाही वर करून, कोपर टेकून तो हातामागून हात मोजत चालला. अकरा हात भरले आणि पुढे नऊ-दहा बोटांची जागा उरली. त्याने पुन्हा मोजले. पुन्हा तितकीच बोटे उरली.

"आता वामना, तू."

वामनशेटने संकोचत आपला लांब हात भिंतीला लावला. दहावा हात नेमका कोपऱ्यावर येऊन थांबला. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. सटवाजीने मान खाली घातली.

गुरुजींनी विचारले, "या खोल्यांत राहणार कोण?"

"नवे मास्तर."

"त्यांना जागा किती लागते?"

हे व्यापाऱ्याने मास्तरांना विचारलेच नव्हते.

"भागीरथीला ऊन किती लागतं?"

व्यापाऱ्याने वळून पाहिले. काकू मागच्या दारात उभी होती. अर्ध्या उघडलेल्या दारातून तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"वामनाने आपलं परसू पाहिलं आणि नऊ हात बांधले," गुरुजी म्हणाले. "तू वामनाला पाहिलंस आणि दहा बांधलेस. जमीन तुझी, विटा तुझ्या, पण दहा हातांच्या या घरात तुझा एकही हात नाही. उद्या मास्तर इथे राहायला येतील आणि कधीतरी जातीलही. वामन मात्र भिंतीभिंतीत राहील, आणि तू त्याला घालवू शकणार नाहीस, कारण तूच त्याला मोजून आत घेतलं आहेस. मी तबक ज्याचं त्याला दिलं."

व्यापारी भिंतीला हात लावून उभा होता. राग त्याच्या डोळ्यांत अजून होता, पण तो कोणावर काढावा हे आता त्याला कळेना. गुरुजींवर काढावा, तर हात स्वतःच मोजले होते. वामनशेटवर काढावा, तर तो बिचारा तबक घेऊन अवघडून उभा होता.

शेवटी तो सटवाजीपुढे गेला आणि त्याने आपला आखूड हात लांब केला.

"काठी तोड."

"आता, शेट?"

"आता. आणि काकूंना विचार, दार उघडून फळी आडवी निघायला किती जागा लागते. तेवढी आधी सोड. उरेल त्यात घर."

भिंती उतरल्या, जोते मागे सरले. त्याच्या स्वतःच्या हाताने खोल्या आठ हात लांब आणि सहा हात रुंद झाल्या. एकट्या मास्तरांना त्या पुरून उरल्या. पाडवा आला, पण किल्ली आली नाही. काकूकडून नव्या पापडांचा डबा तेवढा आला.

आपला व्यापारी संत झाला, असे मात्र कोणी समजू नये. पुढच्या वर्षी वामनशेटने पुढच्या घरावर माडी चढवायला घेतली. आमचा व्यापारी रस्त्यावर थांबला. मान वर करून त्याने माडी पाहिली, आणि छातीत ती जुनी, ओळखीची जळजळ उठली. वर बांधकामाच्या परांचीवर बसलेल्या सटवाजीने त्याला पाहिले आणि हातातली काठी हलवली.

"काय शेट, आणू का ही खाली?"

व्यापाऱ्याने त्या काठीकडे पाहिले. मग त्याने डाव्या हाताने आपले उजवे कोपर धरले.

"नको," तो म्हणाला. "माझी माझ्यापाशी आहे."

आणि कोपर न सोडता तो दुकानाकडे चालू लागला. जळजळ पेठेपर्यंत त्याच्याबरोबर आली. दुकानात मात्र तो एकटाच शिरला.