खोकला ऐकू येईल एवढं घर

डोंगराच्या कुशीतल्या एका इवल्याशा गावात सगुणा नावाची पोरकी मुलगी राहायची. जी म्हातारी माणसं शेवटच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती आणि ज्यांचं कुणीच नव्हतं, त्यांना पाणी पाजत ती गावभर पळायची. त्या दिवशी ती भिकूआजोबांना पेज भरवत होती आणि पलीकडच्या आळीत गंगूआजीनं एकटीनंच प्राण सोडला.

सगुणा देवराईतल्या सुरंगीच्या झाडाखाली मटकन बसली. रडायचंही त्राण नव्हतं.

तोच केशरपिवळ्या फुलांतून एक चिमुकली परी उतरली. तिच्या नाजूक पंखांवर गुलाबी, मोरपिशी ठिपके लुकलुकत होते.

"दमलीस ना, बाळ? माग काहीतरी."

"आजारी आजीआजोबांसाठी घर दे. शंभर खोल्यांचा चंदेरी महाल!"

"देईन. पण एकदाच. नंतर एक वीटही वाढणार नाही. लहान मागितलंस तर कुणीतरी दारातून परत जाईल. फार मोठं मागितलंस तर रिकाम्या खोल्यांत गारठा शिरेल. ऊन उतरायच्या आत विचार करून ये."

सगुणा पाय ओढत भिकूआजोबांकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं. ते क्षीण हसले. "महालात मला कोण शोधेल गं? खोकला आला तर कुणाला तरी ऐकू यावा, एवढं घर पुरे."

मग घरातलं कुणी तिकडे राहील का आणि आजाऱ्यांजवळ बसायला कोण येईल, हे विचारत ती दारोदार फिरली. काहींनी दारं लोटून घेतली. रखमाकाकू म्हणाली, "सासूबाई माझ्याजवळच राहतील हो. पण दुपारी मी येईन तिकडे बसायला." येसू लोहार म्हणाला, "पहाटे मी."

ऊन कलताना सगुणा परतली. "परीताई, ज्यांना घरचं माणूस आहे, ते घरीच राहणार आहेत. ज्यांना कुणी नाही, त्यांच्यापुरत्या खोल्या दे. तेवढ्यांजवळ बसायला माणसं आहेत. मधोमध एक चूल दे. आणि एक खाट जास्तीची, वाटेवरून कुणी आलं तर."

परीनं पंख हलवले. देवराईच्या कडेला निळ्या दारांचं बुटकं घर उभं राहिलं.

"आणि तुला काय हवं, सोनुले?"

"झोप," सगुणा म्हणाली.

परीनं तिच्या कपाळावर बोट टेकवलं आणि स्वतः सोनेरी उजेडात विरघळून गेली.

पुढं भिकूआजोबा गेले त्या पहाटे येसूनं त्यांचा हात धरला होता. शेजारच्या खोलीत सगुणा गाढ झोपली होती. तिला कुणी उठवलं नाही.