कविराजांचा चोरीला गेलेला वाघ

"माझा वाघ चोरला!" असं ओरडत कविराज नरहरपंत दरबारात घुसले आणि त्यांनी डोक्यावरचं पागोटं जमिनीवर आपटलं.

चिंचोळगडचे राजे हैबतराव सिंहासनावरून अर्धे उठले. "कुणी? कधी? आणि तुमच्याकडे वाघ कशाला?"

"काव्यातला, महाराज! आपण एका हातानं वाघ मारलात, त्यावरचं माझं काव्य! कोशघरातल्या त्या भिकोबा पैलवानानं ते अक्षर न् अक्षर कोशात उतरवलं!"

"आणि त्या सगुणेनं ते खोडलं!" राजे गरजले. "माझा पराक्रम खोडला! बोलवा दोघांना!"

एकच मजकूर, चोरलेलाही आणि खोडलेलाही! आता हे कोशघर काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. गडावरच्या कुणालाही जे ठाऊक असेल, ते तिथल्या मोठ्या वहीत लिहायची मुभा होती. बिदागी शून्य, हौस मात्र उदंड. नव्या लिहिणाऱ्यांना वळण लावायचं काम बुरडाच्या सगुणेकडे होतं. टोपल्या विणता विणता ती दोनच गोष्टी बजावायची. कुठून कळलं ते लिहा. आणि दुसऱ्याची पोथी ओसरीवर वाचा, तिथंच मिटून ठेवा, मग आत येऊन आपल्या शब्दांत लिहा. उंबरठ्याच्या आत पोथी आणायची नाही म्हणजे नाही!

भिकोबा पैलवान अगदी नवा. ओसरीवरून आत येईपर्यंत त्याच्या डोक्यातलं सगळं सांडून जाई. मग त्यानं शक्कल लढवली. कोळसा घेऊन आख्खं काव्य स्वतःच्या पोटावर लिहून काढलं. पोटावर जागा भरपूर होती! पण दर ओळीला बंडी वर करणारा लेखक सगुणेनं आजवर पाहिला नव्हता. तिनं मजकूर तिथल्या तिथं खोडला आणि भिकोबाला आंघोळीला पिटाळलं.

दरबारात येताना भिकोबा रडकुंडीला आला होता. "सगुणे, पोथी आत नेली नाही गं मी!"

"पोथी नाही, पण पोट नेलंत ना, काका!"

राजांनी मांडीवर थाप मारली. "सगुणे, ऐक! माझ्या वाघाची नोंद आत्ताच्या आत्ता, इथंच कोशात व्हायला हवी. कविराजांची एक ओळ उचलायची नाही. आणि साक्ष अशी दे, की कुणाची शंका घ्यायची छाती होणार नाही!"

"स्वतःच्या पराक्रमाला स्वतःची साक्ष कोशात चालत नाही, महाराज."

"ठाऊक आहे! तिथं मी होतो आणि वाघ होता. वाघ मेलाय! आण कुठून आणतेस ती साक्ष! नाहीतर उद्यापासून कोशघरात माझे हत्ती बांधीन आणि या पैलवानाला त्यांची लीद काढायला ठेवीन!"

कुठल्या विहिरीला गोडं पाणी, कुठल्या रानात कुठलं कंदमूळ, गडाच्या पाच वर्षांच्या खटपटीनं गोळा झालेलं सगळं त्या घरात होतं. ते हत्तींच्या पायांखाली जाऊ द्यायला सगुणा तयार नव्हती. ती कविराजांकडे वळली.

"कविराज, वाघ आपला म्हणता. आपण तो मनानं रचलात का?"

"अर्थात! माझ्या प्रतिभेनं..." कविराजांना राजांच्या चढलेल्या भुवया दिसल्या. "छे छे! रचला कसला? चांगला खरा वाघ होता!"

"रचलेला असता तर आपलाच होता, कुणी हात लावला नसता. पण मग महाराजांनी मारलं काय?"

"खरा होता म्हटलं ना, बाई!"

"मग तो कुणाच्याच मालकीचा नाही. शब्द आपले, त्यांना आम्ही शिवणार नाही. घडलेली गोष्ट मात्र कुणीही सांगावी! पण तो खरा होता, हे आपल्याला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? मी होतो ना तिथं!"

राजांना एकाएकी खोकला आला.

"कुठं होतात?" सगुणेनं विचारलं.

"झाडावर!"

"काय दिसलं?"

"डोळे मिटले होते."

"काय ऐकू आलं?"

"माझीच किंकाळी," कविराज पुटपुटले.

सगुणेनं वही ओढली, भराभर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "महाराज हैबतराव सांगतात, की त्यांनी एका हाताने वाघ मारला. त्या वेळी कविराज नरहरपंत झाडावर होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. वाघाचे म्हणणे मिळू शकलेले नाही."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. राजांच्या मिशा थरथरू लागल्या, पण त्या रागानं की कशानं, हे कुणालाच कळेना.

"एवढी एकच जागा कोरी राहिली, महाराज," सगुणा म्हणाली. "दुसरा हात तेव्हा कुठं होता?"

राजांनी कविराजांकडे पाहिलं. कविराजांनी छताकडे पाहिलं. आणि राजांचा बांध फुटला!

"फांदीला होता गं, फांदीला! मीही त्याच झाडावर होतो! खाली वाघ, वर आम्ही दोघं, आणि माझ्या हातात चांदीचा पानाचा डबा! हे कविराज किंचाळले, मी दचकलो, डबा सुटला तो थेट वाघाच्या टाळक्यात!"

"लिहू, महाराज?"

"लिही! पण साक्ष कुणाची लावशील? माझी तर चालत नाही म्हणालीस!"

"पराक्रमाला चालत नाही, महाराज. फजितीला चालते! स्वतःची फजिती खोटी कोण सांगेल? यावर शंका घ्यायची कुणाची छाती आहे?"

राजे इतके हसले, की त्यांना सिंहासनाचे हात धरावे लागले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणेला दिलं आणि कोशघराला आणखी दोन खोल्या बांधून द्यायचा हुकूम सोडला. भिकोबाला त्यांनी स्वतःच्या ताटातला लाडू भरवला. कविराजांना मात्र त्याच दुपारी नवं काव्य लिहायला बसवलं, पानाच्या डब्यावर.