मांडणीतली ताटं

"मग पोरं टिकत का नाहीत, ताई? पहिलं वर्ष संपलं की निम्मी पसार!"

श्रीरंग आवाज चढवूनच बोलला. घाटाखालच्या या लहानशा निवासी कॉलेजात तो एकेकाळी यमुताईंच्या हाताखाली शिकला होता. आता शहरातल्या मोठ्या कॉलेजचा प्राचार्य झाला होता आणि तसं चालण्याबोलण्यातून कळतही होतं. दोन्ही कॉलेजं एकाच संस्थेची. यंदा इथला दुसऱ्या वर्षाचा वर्ग भरला नाही तर टाळं लावायचं, असं संस्थेने ठरवलं होतं. ताईंना शहाणपण शिकवायला त्याला धाडलं होतं.

ताई स्वयंपाकघरात मांडणीपाशी बसल्या होत्या. वर्षाचा शेवटचा दिवस होता.

इथली रीत जुनी. मुलांनी घरून आणलेली, नाव कोरलेली ताटं या मांडणीत असत. वर्ष संपलं की ताई प्रत्येकाचे मूळ दाखले त्याच्या हातात देत. परत यायचं असेल त्याने ताट ठेवून जायचं. नसेल त्याने घेऊन जायचं. कारण कुणी विचारत नसे.

"आमच्याकडे शंभरातले पंच्याण्णव टिकतात," श्रीरंग म्हणाला.

"काय करतोस?"

"दाखले कपाटात, कपाटाला टाळं. जातील कुठे?"



तेवढ्यात तनुजा आली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. मान खाली घालून म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी मी नाही येणार."

ताईंनी भिंतीतल्या कपाटाचं दार नुसतं ओढलं आणि तिचे कागद काढून दिले.

"नीट बघून घे. आणि जेवून जा. एसटीला वेळ आहे."

जेवण झाल्यावर तनुजाने ताट घासलं, पुसलं, पिशवीत घातलं. ताईंच्या पाया पडली आणि गेली.

ताईंना फार वाईट वाटलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, श्रीरंगसमोरच.

"बघा! एवढी गुणी पोरगी हातची गेली. कागद धरून ठेवले असते तर?"

"राहिली असती."

"मग?"

"श्रीरंगा, तुझे ते पंच्याण्णव... त्यांतले राहायचं म्हणून राहिलेले किती?"

श्रीरंगला सगळे आकडे तोंडपाठ होते. हा एक नव्हता.

त्याची नजर मांडणीकडे गेली. याच फळीवर त्याने आपलं ताट ठेवलं होतं, कुणी न सांगता. ते आठवलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. पण निरोप तर द्यायलाच हवा होता.

"ते काही असो. संस्था ऐकायची नाही. जूनमध्ये टाळं लागेल, ताई."

ताई उठल्या. तनुजाची जागा रिकामीच ठेवून त्यांनी उरलेली ताटं एकेक करून पुसली...

"लागू दे. फक्त त्यांना सांग, येताना टाळं घेऊन या. इथे एकही नाही."